विल्यम लेटन: दगडफुलाच्या नादी लागलेला पाद्री

दगडधोंडे (धागाकर्ता)

चार्ल्स डार्विन लहानपणी थापा मारायचा, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्यातली एक थाप अशी की, रंगीत पाणी घालून मी प्रिमरोझला हव्या त्या रंगाची फुलं आणू शकतो. ज्या मुलाला ही थाप मारली तो बहुतेक लेटन, पुढे नावाजलेला शैवाक-अभ्यासक झाला तो, असं जाता जाता सांगून डार्विन पुढे सरकतो. मला डार्विनपेक्षा त्या मुलाचंच कुतूहल वाटलं. हाताला लागेल ते वाचलं, ते इथे मांडतोय.

शैवाक, म्हणजे लायकेन, आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात. झाडाच्या सालीवर, कातळावर, जुन्या भिंतीवर राखाडी, हिरवट, पिवळे पापुद्रे दिसतात ते. कवक (बुरशी) आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार असतो. मसाल्यातलं दगडफूल त्यातलंच. लेटनच्या तरुणपणी मात्र या संसाराचा कुणाला पत्ता नव्हता. शैवाक ही एक स्वतंत्र वनस्पती, असंच सगळे धरून चालले होते.

विल्यम ऑलपोर्ट लेटनचा जन्म १७ मे १८०५ चा. गाव श्रूझबरी, वेल्सच्या सीमेलगतच्या श्रॉपशर परगण्यातलं मुख्य ठिकाण. वडील तिथलं टॅलबट हॉटेल चालवायचे. गावात केस नावाच्या, युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या पाद्र्याची छोटी शाळा होती. १८१७ साली आठ वर्षांचा डार्विन तिथे दाखल झाला. लेटन त्याच्याहून जवळजवळ चार वर्षांनी मोठा, म्हणजे थाप मारणारा लहान आणि ऐकून घेणारा मोठा! लेटनने पुढे सांगितलेली एक आठवण डार्विनच्या मुलाने, फ्रान्सिसने, वडिलांच्या चरित्रात छापली आहे. डार्विन एकदा शाळेत फूल घेऊन आला आणि म्हणाला, फुलाच्या आत बघून झाडाचं नाव कसं ओळखायचं ते मला आईने शिकवलंय. लेटनचं कुतूहल चाळवलं. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, कसं ओळखायचं? डार्विनला काही ते समजावता आलं नाही. डार्विनची आई त्याच वर्षी जुलैमध्ये वारली.

मला मानसशास्त्र लढवायचं नाही. पण हा माणूस पुढे आयुष्यभर नेमकं हेच करत बसला. आत बघून नाव ओळखणं.

शाळेनंतर श्रूझबरीतच एका वकिलाकडे उमेदवारी केली, ती मानवली नाही. मग पाद्री व्हायचं ठरवून केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात गेला, १८३३ ला बी.ए. झाला. तिथे हेन्स्लो भेटले. हे स्वतःही पाद्री आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. डार्विनला ज्यांनी 'बीगल' बोटीवर जायला सुचवलं तेच हे हेन्स्लो. लेटन त्यांच्या व्याख्यानांनी इतका भारला की गावी परतल्यावर दीक्षा घेणं पुढे ढकललं आणि आधी श्रॉपशरच्या वनस्पतींची सूची पुरी केली. ती १८४१ ला छापून आली आणि दीक्षा झाली १८४३ ला! पाचेक वर्षं पाद्र्याचं काम केलं आणि मग तेही सोडलं. तिथून पुढे कितीतरी वर्षं शैवाक एके शैवाक.

आता 'आत बघणं' म्हणजे काय ते. लिनियसने १७५३ साली ऐंशीएक शैवाक एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) कोंबून ठेवले होते. त्याचा विद्यार्थी अ‍ॅकॅरियस हा स्वीडनमधला डॉक्टर. त्याने बाह्यरूप आणि फळांचे आकार पाहून त्यांची व्यवस्थित विभागणी केली. पण कातळाला घट्ट चिकटलेल्या खपलीसारख्या शैवाकांपुढे बाह्यरूप फारसं कामाला येत नाही. पाऊस पडला की एक रंग, वाळलं की दुसरा. सावलीत वाढलेला तुकडा उन्हातल्या सख्ख्या भावाला ओळख देत नाही. त्यातून काही जातींची फळं म्हणजे नुसतं टाचणीच्या टोकाएवढं काळं टिंब, आतून पोकळ, माथ्यावर बारीक भोक. बाहेरून शंभर जाती एकसारख्या दिसतील.

लेटनने ही टिंबं उघडली. पात्याने पातळ काप, पाण्याचा थेंब, वर काच, आणि सूक्ष्मदर्शक. आत लांबट पिशव्या दिसतात, एकेका पिशवीत बहुधा आठ बीजाणू. एका जातीत बीजाणू एकसंध असतो, दुसरीत मधोमध आडवा पडदा, तिसरीत आडवे-उभे पडदे पडून विटांच्या भिंतीसारखा. कुठे पारदर्शक, कुठे तपकिरी. युरोपात इटालियन आणि जर्मन मंडळी याच सुमारास बीजाणूंकडे वळली होती. ब्रिटनमध्ये हे रीतसर करणाऱ्या पहिल्या काहींत लेटन होता. बंद फळांच्या ब्रिटिश शैवाकांवरचं त्याचं पुस्तक रे सोसायटीने १८५१ ला काढलं, आणि 'बीजाणूंवरून उलगडलेल्या' असं त्याच्या शीर्षकातच आहे. १८५४ ला ग्राफिस गटावर लिहिलं, १८५६ ला अंबिलिकेरिया या दुसऱ्या गटावर.

शिवाय १८५१ पासून १८६७ पर्यंत त्याने वाळवलेल्या खऱ्या नमुन्यांचे तेरा संच काढले. छापील चित्र नव्हे, खुद्द शैवाक कागदाला चिकटवलेला, खाली नाव आणि जागा. जेवढा माल गोळा होईल तेवढ्याच प्रती. एडिनबरोतल्या माणसाला लेटन कशाला काय म्हणतो हे पाहायचं असेल तर त्याने तो संच उघडायचा आणि आपला तुकडा शेजारी धरायचा. माझ्या मते त्याच्या पुस्तकांपेक्षा हे संच जास्त टिकाऊ. पुस्तकातलं वर्गीकरण जुनं होतं, पण चिकटवलेला तुकडा आजही काढून तपासता येतो.

१८७१ ला ब्रिटन, आयर्लंड आणि चॅनल बेटांच्या सगळ्या शैवाकांचा ग्रंथ आला. १८७९ पर्यंत त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. शेवटची निघाली तेव्हा लेटन चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. २८ फेब्रुवारी १८८९ ला श्रूझबरीतच गेला.

---

गोडामसाला

रुमाल टाकून ठेवते, सावकाश वाचेन. पण आधी मुद्द्याचं: इंग्लंडात आपलं दगडफूल मिळतं का? त्या लेटनने पाहिलं असेल का?

---

दगडधोंडे

ताई, पाहिलं असेलच. आपल्या दगडफुलाची जी मुख्य जात मानतात, पार्मोट्रीमा पर्लॅटम, तिला शास्त्रीय नावच मुळी एका इंग्रजाने दिलं, हडसनने, १७६२ साली. दक्षिण आणि पश्चिम ब्रिटनमध्ये झाडांच्या सालीवर ती भरपूर आहे. लेटनच्या काळी तिला पार्मेलिया म्हणत. त्यांच्याकडे ती फोडणीत गेली नाही एवढंच.

---

तिरकस_पुणेकर

लेख छान, पण शीर्षकात फसवणूक आहे. पाच वर्षं नोकरी करून सोडली त्याला 'पाद्री' म्हणायचं? मग मीही 'माजी बँक अधिकारी' अशी पाटी लावतो. आणि ते इंग्लिश पाद्री म्हणजे आठवड्यातून एक प्रवचन, बाकीचे सहा दिवस फुलपाखरांमागे धावायचं. शेतकऱ्यांच्या दशांशावर (चर्चला द्यावा लागणारा दहावा हिस्सा) पोसलेली हौस. त्याचं एवढं कौतुक?

---

दगडधोंडे

पुणेकर, पाद्री ही पदवी आपल्याकडच्या डॉक्टरसारखी आहे, दवाखाना बंद केला म्हणून जात नाही. लेटन मरेपर्यंत रेव्हरंडच होता.

दुसरा मुद्दा इतरांच्या बाबतीत बराचसा खरा. अशा पाद्र्याला राहायला घर, आयुष्यभराचं उत्पन्न, लॅटिन आलेलं असतं, आणि कामाच्या निमित्ताने पंचक्रोशीत पायी फिरणं होतंच. पण लेटनला हे लागू होत नाही. त्याच्या बाबतीत चर्चचा पैसा फार कमी दिसतो. घरची ऐपत होती म्हणून वकिली सोडता आली, दीक्षा लांबवता आली, पुढे कामही सोडता आलं. म्हणजे 'चर्चने फुरसत दिली आणि विज्ञान झालं' या आवडत्या सिद्धान्ताला हा गडी अपवाद आहे. त्याने विज्ञानासाठी चर्च सोडलं. कौतुक करायचंच असेल तर हॉटेलवाल्या बापाचं करा.

आणि सहा दिवस फुलपाखरांमागे धावणाऱ्यांनी काय केलं तेही बघा. रेव्हरंड बर्कली हा लेटनचाच समकालीन. बटाट्यावरचा करपा बुरशीमुळे येतो, बुरशी करप्यामुळे नव्हे, हे १८४६ साली ठामपणे मांडणारा तो. आयर्लंडात माणसं उपाशी मरत असताना शास्त्रज्ञ उलटंच सांगत होते. रेव्हरंड चर्चिल बॅबिंग्टन केंब्रिजला पुरातत्त्वाचा प्राध्यापक आणि वर न्यूझीलंडच्या शैवाकांचा अभ्यासक. लेटन, बर्कली, बॅबिंग्टन तिघेही १८८९ मध्येच गेले. पिढी एका वर्षात संपली म्हणायची.

---

सातासमुद्रापार

धागा बघून लॉगिन केलं! मी बर्मिंगहॅमला असते, श्रूझबरी ट्रेनने तासाभरावर. लेटन ज्या टेकड्यांवर हिंडला त्या, म्हणजे हॉमंड हिल, स्टायपरस्टोन्स वगैरे, आम्ही नेहमी पायी फिरतो. तो वेल्समध्ये बार्माउथलाही खूप जायचा, तिथले त्याचे कितीतरी नमुने आहेत.

पाद्री आणि शैवाक या जोडीत एक गोष्ट राहिली, ती म्हणजे चर्चचं आवार. इथल्या सपाट, शेतीच्या भागात उघडा कातळ दिसत नाही. मग शैवाकांनी राहायचं कुठे? थडग्यांच्या दगडांवर! ब्रिटनमधल्या साधारण दोन हजार जातींपैकी सातशेहून जास्त चर्चच्या आवारांत सापडल्या आहेत. एकाच आवारात चुनखडी, वालुकाश्म, स्लेट, ग्रॅनाइट, सगळे दगड लांबून आणून लावलेले असतात. प्रत्येकाचे भाडेकरू वेगळे, आणि उत्तरेच्या तोंडाचे वेगळे, दक्षिणेच्या तोंडाचे वेगळे.

शिवाय दगडावर तारीख कोरलेली असते! १८२० चा दगड असेल तर त्यावरचा ठिपका त्याहून जुना असू शकत नाही. ठिपक्याचा व्यास मोजायचा आणि वाढीचा वेग काढायचा. रोलांड बेशेल नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १९५० साली ही पद्धत नीट मांडली, आणि पुढे हिमनद्या कधी मागे सरकल्या हे काढायला ती वापरली गेली. ज्या आवारात पाद्री रोज जा-ये करतो तिथे फुकटची प्रयोगशाळा होती म्हणा ना.

आमच्या जवळच्या एका चर्चमध्ये मध्यंतरी स्वयंसेवकांनी उत्साहाने सगळे जुने दगड ब्रशने घासून लख्ख केले. मी बघत राहिले. काय बोलणार?

---

शाईपेन

सुंदर धागा! थोडी भर.

लेटनच्या मागून आणखी एक पाद्री आला, तो जास्त रंगतदार. रेव्हरंड जेम्स क्रॉम्बी, स्कॉटिश.

झालं असं की १८६७ ला सायमन श्वेंडनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने जाहीर केलं की शैवाक ही एक वनस्पती नाहीच. ते कवक आहे, आणि त्याने शैवालाला धरून कामाला जुंपलंय. १८६९ च्या लेखात त्याने भाषाही तशीच वापरली: कवक हा मालक, शैवाल त्याचे गुलाम, कोळी भक्ष्याभोवती जाळं विणतो तसे कवकाचे तंतू शैवालाभोवती. जुन्या शैवाकवाल्यांच्या पायाखालची वाळू सरकली. क्रॉम्बीने १८७४ मध्ये यावर जी टर उडवली ती आजही सगळे उद्धृत करतात. ही शैवाकशास्त्रातली सनसनाटी प्रेमकथा आहे म्हणे, एक बंदिवान शैवाल-कन्या आणि एक जुलमी कवक-धनी यांच्या अनैसर्गिक मीलनाची!

---

तिरकस_पुणेकर

रात्री साडेआठच्या मालिकेचं कथानक तयार आहे. आठशे भाग सहज.

---

वाचनवेडा

:हहपुवा:
वाचनखूण साठवली आहे.

---

दगडधोंडे

शाईपेन, क्रॉम्बी आल्याशिवाय धागा पुरा झाला नसताच, धन्यवाद.

फक्त त्याला एकट्याला खलनायक करू नये. त्या काळातला शैवाकांचा सर्वांत मोठा जाणकार विल्यम नायलँडर. हा फिनलंडचा, हेलसिंकीची प्राध्यापकी सोडून पॅरिसला येऊन बसलेला. मरेपर्यंत, म्हणजे १८९९ पर्यंत, त्याने श्वेंडनरला मानलं नाही. भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध होता, एकेक करून बहुतेक मित्र तोडले. क्रॉम्बी त्याच्याच तालमीतला. लेटनचा १८७१ चा ग्रंथही नायलँडरच्याच चौकटीवर उभा आहे.

त्यांच्या बाजूने विचार केला तर विरोध समजतो. चाळीस वर्षं भिंगाला डोळा लावून तुम्ही एकेका जातीला नाव दिलंत, आणि कुणीतरी येऊन म्हणतो की ही जात म्हणजे दोन वेगळ्या जिवांचा गठ्ठा आहे. मग नाव दिलं ते कुणाला? गठ्ठ्याला की मालकाला? (आज नियमाप्रमाणे शैवाकाला दिलेलं नाव त्यातल्या कवकाचं धरतात.) दोघांना वेगळं वाढवून पुन्हा एकत्र आणल्याशिवाय तो माणूस मानणार नाही, आणि तशी जुळवणी प्रयोगशाळेत १८७७ ला एर्न्स्ट श्टालने करून दाखवली. त्यापुढे विरोध हा हट्टच म्हणावा लागेल.

श्वेंडनरही पूर्ण बरोबर नव्हता. मालक-गुलाम हे त्याच्या डोक्यातलं चित्र. फ्रांक आणि द बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८७७-७९ च्या दरम्यान 'सहजीवन' ही कल्पना मांडली ती याच उदाहरणावरून. आणि २०१६ मध्ये श्प्रिबिले आणि सहकाऱ्यांना कित्येक शैवाकांच्या वरच्या थरात तिसराच भिडू सापडला, एक वेगळ्या गटातलं यीस्ट. म्हणजे पुणेकरांच्या मालिकेला नवीन पात्र मिळालं.

---

रसायनी

इतका वेळ नुसता वाचत होतो, पण रसायनांचा विषय कुणीच काढत नाही म्हणून लिहितो.

शैवाक शेकड्यांनी अशी आम्लं बनवतात जी निसर्गात इतरत्र क्वचितच मिळतात. लिटमस शाळेत सगळ्यांनी वापरलाय, तोही मूळचा शैवाकांपासूनच. १८६६ मध्ये नायलँडरने दोन साध्या कसोट्या पुढे आणल्या. एक कॉस्टिक पोटॅशचा थेंब, दुसरा ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचा. शैवाकावर थेंब टाकायचा आणि रंग बघायचा. पिवळा, लाल, नारिंगी, की काहीच नाही. दिसायला अगदी सारख्या दोन जाती इथे वेगळ्या पडतात.

लेटनचं मला यातच मोठेपण वाटतं. तेव्हा तो साठी ओलांडलेला, बीजाणूंच्या पद्धतीवर नाव कमावलेला. नवीन खूळ म्हणून सोडून देता आलं असतं. त्याने उलट लगेच लंडनजवळच्या क्यूच्या वनस्पती उद्यानातला, हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाचा, क्लॅडोनिया गटातल्या शैवाकांचा संग्रह घेतला, एकेका नमुन्यावर थेंब टाकून पाहिला, आणि १८६७ ला छापलं. स्कॉटलंडचे डॉ. लॉडर लिंडसे मात्र या थेंबांवर तुटून पडले होते. रंग भरवशाचा नाही, एकाच जातीत कधी येतो कधी येत नाही, असा त्यांचा आक्षेप. आक्षेपात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही, पण थेंब टिकले. आजही शैवाक ओळखण्याच्या प्रत्येक पुस्तकात तेच दोन थेंब आहेत.

अवांतर: त्याच १८६६ साली नायलँडरने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेबद्दल लिहिलं की इथे शैवाक आहेत आणि शहरात इतरत्र दिसत नाहीत, तेव्हा हवेची शुद्धता मोजायला हे उत्तम मापक. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड त्यांना सोसत नाही. मुळं नसतात, सगळं हवेतून आणि पावसातून शोषतात, गाळणी नाहीच. पुढे तो स्वतः ज्या पॅरिसात राहिला तिथले शैवाक धुराने संपत गेले.

---

माळरान

आपल्या बाजूचा धागा जोडतो.

लेटन परदेशी नमुन्यांवरही काम करायचा. रिचर्ड स्प्रूसने अ‍ॅमेझॉन आणि अँडीजमधून आणलेले शैवाक त्यानेच तपासले. आणि थ्वेट्सने, म्हणजे पेरादेनिया बागेच्या प्रमुखाने, सिलोनमध्ये गोळा केलेले शैवाकही. हा सिलोनवरचा लेख लंडनच्या लिनियन सोसायटीने १८७० च्या आसपास छापला. माणूस श्रॉपशर सोडून फारसा हलला नाही, पण श्रीलंकेच्या झाडांच्या साली त्याच्या टेबलावर होत्या. सह्याद्री आणि श्रीलंका यांची जंगलं एकाच कुळातली, तेव्हा हे काम आपल्याला अगदी परकं नाही.

दुसरं, लेटनने १८५४ ला ज्या ग्राफिस गटावर लिहिलं तो आपल्याकडे भरपूर आहे. गुळगुळीत सालीवर काळ्या शाईने बारीक गिचमिड लिहिल्यासारखा दिसतो. महाबळेश्वर, आंबोलीच्या दाट झाडीत नजर जमिनीवरून उचलली की दिसायला लागतो. या गटावर पुण्यात आघारकर संस्थेत पटवर्धन, मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठं काम केलंय, कितीतरी नव्या जाती नोंदवल्या. आजही बीजाणूचे पडदे मोजणं आणि थेंब टाकणं सुटलेलं नाही, त्यात नंतर क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातली रसायनं वेगळी करणं) आणि डीएनएची भर पडली.

आणि पाद्री म्हणाल तर मुंबईचे विसरू नका. झेवियर कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) हे फादर ब्लॅटर या स्विस जेझुइटांच्या, म्हणजे एका कॅथलिक संघातल्या पाद्र्यांच्या, नावाचं. फादर सांतापाऊ स्पॅनिश जेझुइट. त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर लिहिलं आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. दोघेही फुलझाडांचे, शैवाकांचे नव्हेत. पण यांना 'हौशी' म्हणता येणार नाही, हा फरक लक्षात घेण्यासारखा. जेझुइटांकडे अध्यापन हेच काम होतं.

---

तिरकस_पुणेकर

माळरान, हा फरक पटला. लेटनच्या बाबतीत मी अर्धा माघार घेतो. अर्धाच!

---

शाईपेन

एक खटकणारी बाजूही नोंदवते. इतका वेळ रेव्हरंड, डॉक्टर, प्राध्यापक, सगळे पुरुष. क्रॉम्बीने ब्रिटिश शैवाकांचा मोठा ग्रंथ लिहायला घेतला, पहिला भाग १८९४ ला आला, आणि दुसरा व्हायच्या आधी, १९०६ ला, क्रॉम्बी वारला. दुसरा भाग १९११ ला पूर्ण केला अ‍ॅनी लोरेन स्मिथ यांनी. मग पहिला भागही त्यांनीच नव्याने लिहिला. १९२१ चं त्यांचं शैवाकांवरचं पुस्तक पुढची कित्येक वर्षं इंग्रजीतलं मुख्य पाठ्यपुस्तक होतं.

या बाईंनी ब्रिटिश म्युझियममध्ये दशकानुदशकं काम केलं, पण नियमित नोकरीवर त्यांना घेतलं नाही, एका वेगळ्या निधीतून मानधन मिळायचं. लिनियन सोसायटीने तर १९०४ पर्यंत बायकांना सदस्यच करून घेतलं नव्हतं, पहिल्या तुकडीत या होत्या. लेटनला कुणी विचारलं नाही की तू पगारी आहेस का. तो 'सद्गृहस्थ अभ्यासक'. त्याच खोलीत तेच काम करणारी बाई मात्र 'तात्पुरती'. तेव्हा 'हौशी' हा शब्द कुणाच्या बाबतीत मानाचा आणि कुणाच्या बाबतीत पगार न देण्याची सबब, हे बघायला हवं.

आणि श्वेंडनरचं म्हणणं त्यांनी मान्य केलेलं होतं. क्रॉम्बीचा ग्रंथ त्याच्याशी सहमत नसलेल्या व्यक्तीने पुरा केला. हे मला फार आवडतं.

---

सातासमुद्रापार

शाईपेन, +१००. लेटनने आपला संग्रह क्यूला दिला होता, आणि क्यूचे शैवाक पुढे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेले. स्मिथबाईंनी हाताळलेला संग्रहही तिथेच. म्हणजे दोघांच्या नमुन्यांची पाकिटं आता एकाच छपराखाली आहेत.

---

गोडामसाला

बापरे, धागा कुठल्या कुठे गेला! सगळं वाचलं. रसायनींचं वाचून राहवेना, म्हणून मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल बशीत काढलं आणि कपड्यांच्या ब्लीचचा थेंब टाकला. वरून काहीच झालं नाही. मग नखाने वरचा राखाडी पापुद्रा खरवडला, आतलं पांढरं दिसलं, त्यावर टाकला. एका तुकड्यावर लालभडक! दुसऱ्यावर ढिम्म काही नाही. दोन्ही एकाच पुडीतले. असं का? भेसळ म्हणायची का ही?

---

रसायनी

ताई, तुम्ही पांढऱ्या थरावर टाकलात हे अगदी बरोबर केलंत, कसोटी तिथेच घ्यायची असते.

भेसळ नाही. बाजारातलं दगडफूल एका जातीचं नसतंच. हिमालयात किंवा घाटात गोळा करणारे सालीवरून जे पानासारखं मोठं सुटून येईल ते भरतात. लाल झालेला तुकडा बहुधा पार्मोट्रीमा टिंक्टोरम. त्यात लेकॅनोरिक आम्ल असतं आणि ते ब्लीचने लाल होतं. ही जात सह्याद्रीतही भरपूर. ढिम्म राहिलेला पर्लॅटम असू शकतो. त्याला पोटॅश लावलं तर पिवळा होऊन नारिंगीकडे जाईल, पण कॉस्टिक घरात आणू नका, डोळ्यात उडालं तर निस्तरायचं काम होईल. त्याऐवजी भिंग घेऊन कड बघा. पर्लॅटमच्या कडेला बारीक काळे केस असतात आणि कडा पिठूळ. टिंक्टोरमच्या कडेला केस नसतात, आणि वरच्या बाजूला बारीक दाणेदार खरखर असते.

ब्लीच ताजं घ्या, उघडं राहिलेलं चालत नाही. आणि लाल रंग काही सेकंदांत उडतो, तेव्हा थेंब टाकल्या टाकल्या बघा. व्हिनेगर किंवा लिंबू जवळही आणू नका, क्लोरीन सुटतो. थेंब टाकलेले तुकडे मात्र परत डब्यात जाणार नाहीत एवढं पाहा.